निवड यादीत पहिला, पण ‘दूरध्वनीचे काम जमणार नाही’ म्हणून अपात्र: न्यायालय नोकरी मिळवून देते का?

भंडाऱ्याची ताई यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला दोन्ही कानांनी कमी ऐकू येते. त्याच्या यूडीआयडी कार्डावर (दिव्यांगांचे शासकीय ओळखपत्र) ५१ टक्के दिव्यांगत्वाची नोंद आहे आणि तो कर्णयंत्र वापरतो. राज्य शासनाच्या एका विभागाच्या सरळसेवा भरतीत त्याने लिपिक-टंकलेखक पदासाठी अर्ज केला होता. जाहिरातीत कर्णबधिर व ऐकू कमी येणाऱ्या उमेदवारांसाठी एक पद राखीव होते आणि लेखी परीक्षेत त्या प्रवर्गात त्याचेच गुण सर्वाधिक होते.

कागदपत्र पडताळणीच्या दिवशी समितीतील एका अधिकाऱ्यांनी टेबलावरच्या फोनचा रिसीव्हर त्याच्या हातात दिला आणि शेजारच्या खोलीतून कोणी तरी बोलू लागले. रिसीव्हर कर्णयंत्राला अगदी टेकवला की यंत्र शिट्टी मारते, हे ज्यांच्या घरी कर्णयंत्र आहे त्यांना ठाऊक असेल. तसेच झाले. माझा मोबाइल कर्णयंत्राला जोडून बोलतो, असे त्याने सांगितले. पण ते कोणी ऐकून घेतले नाही. अंतिम यादीत त्याच्या नावापुढे ‘दूरध्वनीवरील कामकाज करू शकत नाही, सबब अपात्र’ असा शेरा आला आणि त्या पदापुढे ‘योग्य उमेदवार उपलब्ध नाही’ असे लिहिले गेले. या गोष्टीला आता सात महिने झाले.

न्यायालयात गेल्यास त्याला थेट नियुक्ती मिळते, की विभागाला फक्त ‘पुन्हा विचार करा’ असे सांगितले जाते? जिंकलाच, तर मधल्या काळाचा पगार आणि ज्येष्ठता मिळते का? आणखी एक गोष्ट म्हणजे, अडीच वर्षांपूर्वी पुण्यातील एका खासगी कंपनीने त्याला ईमेलवर ऑफर लेटर दिले होते आणि त्याने ते स्वीकारलेही होते. रुजू होण्याच्या दिवशी कर्णयंत्र पाहिल्यावर दोन तासांत ‘कामाची गरज बदलली’ म्हणून त्यांनी ऑफर मागे घेतली. त्याबाबत आता काही करता येईल का?

नागपूरचा वकील

ताई, आधी वेळेचे बोलतो, कारण या प्रकारातली निम्मी प्रकरणे मुद्द्यावर नव्हे तर मुदतीवर बुडतात. राज्य शासनाच्या पदभरतीचा वाद प्रथम महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये न्यावा लागतो, १९९७च्या एल. चंद्रकुमार निकालानंतर थेट उच्च न्यायालयात जाण्याची वाट जवळपास बंद झाली आहे. भंडाऱ्यासाठी नागपूर खंडपीठ आहे. १९८५च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याच्या कलम २१ नुसार साधारणपणे एक वर्षाच्या आत मूळ अर्ज, म्हणजे मॅटमधला दावा, दाखल व्हायला हवा. आपल्या हातात पाच महिने आहेत, आणि विभागाला एकामागून एक निवेदने पाठवत राहिल्याने ही मुदत वाढत नाही. एक निवेदन पाठवा, त्याची पोच ठेवा आणि अर्जाच्या तयारीला लागा.

आता आपला मूळ प्रश्न. निवड यादीत नाव आले म्हणून नियुक्तीचा अबाधित हक्क निर्माण होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९१मध्ये शंकरसन दाश प्रकरणात सांगितले आहे आणि शासनाचा वकील पहिल्याच तारखेला तोच निकाल वाचून दाखवील. त्याच निकालाचे दुसरे वाक्य मात्र तो वाचणार नाही: पद रिक्त ठेवायचे असले तरी शासनाला ते मनमानीने ठेवता येत नाही, त्यामागे प्रामाणिक आणि योग्य कारण असावे लागते. म्हणून सर्वसाधारण चाल अशी असते की न्यायाधिकरण नाकारण्याचा आदेश रद्द करते आणि ठरावीक आठवड्यांत फेरविचार करण्याचा आदेश देते. थेट नियुक्तीचा आदेश तेव्हाच निघतो जेव्हा पद रिक्त आहे, गुणवत्तेविषयी वाद नाही आणि नाकारण्याचे जे एकमेव कारण कागदावर आहे तेच बेकायदेशीर ठरते. आपल्या भावाच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी जुळताना दिसतात, म्हणून मी सहसा दाखवतो त्यापेक्षा थोडा अधिक उत्साह दाखवतो आहे.

तो एका ओळीचा शेरा जपून ठेवा. मोहिंदरसिंग गिल प्रकरणापासून हे पक्के आहे की प्रशासकीय आदेशाची वैधता त्यात लिहिलेल्या कारणांवरच तपासली जाते. पुढे प्रतिज्ञापत्रात ‘टंकलेखनाचा वेगही कमी होता’ अशी नवी कारणे जोडता येत नाहीत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाजवी सोयीसुविधा नाकारणे हाच भेदभाव धरला आहे आणि शासकीय आस्थापनांना नोकरीच्या बाबतीत दिव्यांग व्यक्तीशी भेदभाव करण्यास कलम २० मध्ये मनाई आहे. मोबाइल जोडून बोलू द्या, एवढीच त्याची मागणी होती, आणि ती तोंडी का होईना, पण त्याच वेळी केली गेली होती, ही बाब प्रतिज्ञेवर स्पष्ट यायला हवी. शिवाय जे पद ऐकू कमी येणाऱ्यांसाठीच राखीव आहे, त्या पदासाठी ऐकू कमी येते म्हणून उमेदवार अयोग्य ठरवणे यात जो विरोध आहे, तो न्यायाधिकरणापुढे फार समजावून सांगावा लागणार नाही.

पद हातचे जाईल ही भीती असेल, तर कलम ३४ पाहा. या प्रवर्गातील पद योग्य उमेदवाराअभावी भरता आले नाही तर ते पुढच्या भरती वर्षात पुढे न्यावे लागते. त्या वर्षीही उमेदवार नसेल तर दिव्यांगांच्या इतर प्रवर्गांत अदलाबदल करावी लागते आणि त्यानंतरच दिव्यांग नसलेली व्यक्ती नेमता येते. म्हणजे पद लगेच दुसऱ्याला देता येत नाही. तरीही ‘अर्जाचा निकाल लागेपर्यंत एक पद रिक्त ठेवावे’ हा अंतरिम आदेश पहिल्याच सुनावणीत मागा. २०२४मध्ये महाराष्ट्रातील ओमकार गोंड या विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आधी एक जागा रिक्त ठेवायला लावली, म्हणूनच पुढचा निकाल त्याच्या उपयोगी पडला. ते प्रकरण नोकरीचे नव्हते. पण दिव्यांगत्वाची टक्केवारी पाहून नव्हे, तर प्रत्यक्ष काम किंवा अभ्यास जमतो का हे तपासून निर्णय घ्यावा, हे त्यातील तत्त्व आपल्याला जसेच्या तसे लागू पडते.

पगाराबाबत मात्र खोटी आशा दाखवणार नाही. काढून टाकलेल्या कर्मचाऱ्याला मागील वेतन देण्याबाबत २०१३चा दीपाली सुरवसे निकाल आहे, पण तो आधीच सेवेत असलेल्या माणसाचा आहे. जो कधी रुजूच झाला नाही, त्याला ‘काम नाही तर वेतन नाही’ हेच ऐकावे लागते. २००८च्या नागरी सेवा परीक्षेतील एका पूर्णतः दृष्टिहीन उमेदवाराला सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४मध्ये न्याय दिला, त्यात त्याला आणि गुणवत्ता यादीत त्याच्या वर असलेल्या इतर उमेदवारांना अनुशेषाच्या, म्हणजे आधी न भरलेल्या राखीव पदांवर घ्यायला सांगितले. थकीत वेतन आणि ज्येष्ठता मात्र नाकारली आणि निवृत्तिवेतनापुरती सेवा जुन्या तारखेपासून धरायला लावली. तोही आदेश राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२च्या विशेष अधिकारातला, जो मॅटला नाही. मूळ अर्जात मानीव दिनांकाची, म्हणजे नियुक्ती त्या वेळीच झाली असे धरून वेतननिश्चिती व ज्येष्ठता देण्याची मागणी अवश्य करा. प्रत्यक्ष थकबाकी मिळाली तर तो बोनस समजा.

पैसे कधीच मिळत नाहीत असेही नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७मध्ये एचआयव्हीबाधित कामगाराचे नाव यादीतून काढणाऱ्या सार्वजनिक उपक्रमाला ते नाव पुन्हा यादीत घ्यायला लावले आणि बुडालेल्या कमाईपोटी ४०,००० रुपये देण्यास सांगितले. त्या माणसाला नाव झाकून, फक्त आद्याक्षरांवर खटला चालवू दिला होता, हेही त्या काळी लहान पाऊल नव्हते.

मंद दिवा

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी अनुभव सांगतो. माझी दृष्टी अंशतः अधू आहे. एका शासकीय कार्यालयाने मला ‘संगणकावर सलग काम करू शकणार नाही’ म्हणून नाकारले होते. मी न्यायाधिकरणात गेलो, सव्वा वर्षाने निकाल माझ्या बाजूने लागला आणि आदेश निघाला तो फेरविचाराचा. घरी पेढे वाटले. दहा आठवड्यांनी त्याच कार्यालयाने फेरविचार केला आणि त्याच कारणाने, फक्त तीन पाने लांब लिहून, मला पुन्हा नाकारले.

दुसऱ्यांदा अर्ज करावा लागला. त्या वेळी माझ्या वकिलांनी एक गोष्ट केली जी पहिल्या वेळी राहून गेली होती: फेरविचार कोणी करायचा, कशाच्या आधारे करायचा आणि समितीत नेत्रतज्ज्ञ असावा की नाही, हे मागणीतच लिहून दिले. मी स्वतः अक्षर मोठे करून दाखवणारे सॉफ्टवेअर चालवून दाखवीन, ते प्रात्यक्षिक समितीने पाहावे आणि त्यावर कारणांसह मत नोंदवावे, असा आदेश झाला. मग नाकारायला जागाच उरली नाही. पहिला अर्ज केल्यापासून रुजू होईपर्यंत तीन वर्षे चार महिने गेले. मधला पगार मिळाला नाही, आणि माझ्यासोबत निवडले गेलेले सगळे ज्येष्ठता यादीत माझ्या वर आहेत, कारण मानीव दिनांक मागायचाच राहिला होता. ताई, ‘फेरविचार’ एवढा एकच शब्द असलेला आदेश घेऊन घरी येऊ नका.

भंडाऱ्याची ताई

आपल्या दोघांचेही मनापासून आभार. दोन शंका आहेत. एका ओळखीच्यांनी सांगितले की पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करणे फुकट आणि लवकर होते, वकीलही लागत नाही; तर आधी तिकडे जावे का? आणि निवडलेल्या इतर उमेदवारांना आम्ही प्रतिवादी करावे का? त्या मुलांना विनाकारण कोर्टात ओढणे भावाला पटत नाही.

नागपूरचा वकील

आयुक्तांकडे जरूर जा, पण त्यांच्या भरवशावर मॅटची मुदत घालवू नका. राज्य आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, पण शेवटी ते देतात ती शिफारस असते. ती मान्य नसेल तर विभागाने तीन महिन्यांत कारणे कळवायची असतात; एवढेच. जुन्या १९९५च्या दिव्यांग कायद्याखालील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये सांगितले की आयुक्तांना स्थगिती देण्याचा अधिकार नाही. म्हणजे पद रिक्त ठेवण्याचा आदेश तिथून मिळणार नाही. मात्र आयुक्तांची अनुकूल शिफारस मॅटमध्ये जोडता आली तर तिचे वजन पडते.

दुसऱ्या शंकेबाबत भावाचा स्वभाव आवडला, आणि कायदाही या वेळी त्याच्याच बाजूला आहे. ज्यांची नियुक्ती रद्द होऊ शकते त्यांना पक्षकार न करता निकाल घेता येत नाही, हा १९८४च्या प्रबोध वर्मा निकालापासूनचा दंडक आहे. आपल्या प्रकरणात त्या पदावर कोणीच नेमलेले नाही आणि आपण कोणाची नियुक्ती रद्द करा असेही म्हणत नाही, त्यामुळे आज त्यांना ओढण्याची गरज दिसत नाही. उद्या विभागाने ते पद कोणाला दिले, तर त्या व्यक्तीला पक्षकार करावेच लागेल.

निवृत्त कक्ष अधिकारी

भरतीच्या टेबलावर बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून कागदांविषयी दोन शब्द. माहितीच्या अधिकारात भावाची स्वतःची पडताळणी पत्रिका, समितीचे इतिवृत्त, त्या पदाची मंजूर कर्तव्यसूची आणि दिव्यांग प्रवर्गाची बिंदुनामावली, म्हणजे कोणते पद कोणत्या प्रवर्गाला राखीव याची नोंदवही, मागवा. इतर उमेदवारांचे गुण मागितले तर आता वैयक्तिक माहितीचे कारण पुढे केले जाईल. ते आपल्याला लागतही नाहीत, कारण आपला मुलगा प्रवर्गात पहिला आहे. सर्वांत महत्त्वाची आहे ती कर्तव्यसूची. लिपिक-टंकलेखकाच्या कर्तव्यसूचीत आवक-जावक, टंकलेखन, नस्त्या तयार करणे या बाबी ठळक असतात. फोन घेणे हे बहुधा ‘वरिष्ठांनी सोपविलेली अन्य कामे’ या शेवटच्या ओळीत मावते. तसे असेल, तर ज्या कामावरून मुलाला नाकारले ते त्या पदाचे मुख्य कामच नाही, हे विभागाच्याच कागदावरून दिसेल. समित्या कर्तव्यसूची न वाचता बसतात, हे मी स्वतः पाहिले आहे, आणि एकदोनदा मीही तसाच बसलो आहे.

कामगार कायद्याचा कारकून

खासगी कंपनीचा भाग कोणी घेतला नाही म्हणून लिहितो. इथे परिस्थिती खूपच निराळी आणि खरे सांगायचे तर निराशाजनक आहे. सरकारी नोकरीत समान संधी देणारा राज्यघटनेचा अनुच्छेद १६ शासनाला बांधतो, कंपनीला नाही. दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २० देखील शासकीय आस्थापनांपुरते आहे. खासगी आस्थापनेला कलम २१ खाली समान संधी धोरण ठेवावे लागते आणि कलम ३ मध्ये भेदभावाला सर्वसाधारण मनाई आहे, पण तिचा भंग झाला तर उमेदवाराच्या हातात काय पडते हे कायदा नीट सांगत नाही. कलम ८९ मध्ये पहिल्या उल्लंघनाला १०,००० रुपयांपर्यंत आणि नंतरच्याला ५०,००० ते ५ लाख रुपये दंड आहे. तो दंड आपल्या भावाला मिळत नाही.

उरतो तो कराराचा मार्ग. ऑफर स्वीकारली गेली होती, म्हणजे करार झाला होता. परंतु वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय जबरदस्तीने पाळायला लावत नाही. विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याचे (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कलम १४ आड येते. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा होऊ शकतो आणि त्याची मुदत करारभंगापासून तीन वर्षे, म्हणजे आपल्याकडे सहा महिने आहेत. रक्कम मात्र बहुतेक वेळा ऑफर लेटरमधील नोटीस कालावधीच्या पगाराभोवतीच फिरते. त्यासाठी आधीची नोकरी सोडली असेल, तर ते नुकसान वेगळे मांडता येईल. तो राजीनामा आणि जुनी पगारपत्रके सापडतात का पाहा.

थोडा उजेड दिसतो तो ऑक्टोबर २०२५च्या जेन कौशिक निकालात. एका ट्रान्सजेंडर शिक्षिकेला एका खासगी शाळेने तिची ओळख समजल्यावर रुजू करून घेतले नाही; सर्वोच्च न्यायालयाने तिला भरपाई मंजूर केली आणि ती त्या शाळेसोबत सरकारांनाही द्यायला लावली, कारण कायदा करून त्याची यंत्रणा उभी न करणे हाही सरकारचा दोष धरला गेला. तो निकाल २०१९च्या ट्रान्सजेंडर कायद्यावरचा आहे आणि सर्वोच्च न्यायालयातला आहे, त्यामुळे पुण्याच्या दिवाणी न्यायालयात तो जसाच्या तसा चालेल असे मी म्हणणार नाही. तरी आयुक्तांकडे कंपनीविरुद्ध तक्रार करताना तो जोडावा; कंपन्या शिफारशीपेक्षा तिच्या प्रसिद्धीला जास्त घाबरतात आणि तडजोडीची रक्कम तिथेच ठरते, असा माझा अनुभव आहे.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत मनुष्यबळ विभागात काम करतो. तुलना म्हणून लिहितो, कारण इथे कायद्याचा सगळा रोखच अर्जदाराला त्या जागी नेऊन ठेवण्याकडे आहे जिथे तो भेदभाव झाला नसता तर असता. १९६४च्या नागरी हक्क कायद्याखाली १९७५च्या अल्बेमार्ल पेपर निकालाने मागील वेतन हा नियम केला आणि नाकारणे हा अपवाद. पुढच्याच वर्षी फ्रँक्स विरुद्ध बोमन खटल्यात, वंशामुळे नाकारलेल्या ट्रकचालकांना अर्जाच्या तारखेपासून ज्येष्ठता देता येते असे ठरले. म्हणजे वर ‘मंद दिवा’ यांचे जे नुकसान झाले, नेमके तेच इथे भरून देता येते. १९९०च्या दिव्यांग कायद्याने हेच उपाय उचलले आहेत.

पण इथेही सगळे फुकट मिळते असे समजू नका. मधल्या काळात दुसरी नोकरी शोधण्याचे प्रयत्न करावे लागतात आणि तिथली कमाई वजा होते. १९८२च्या फोर्ड मोटर निकालानुसार कंपनीने विनाअट तीच नोकरी देऊ केली आणि अर्जदाराने नाकारली, तर त्या दिवसापासून मागील वेतनाचे मीटर थांबते, जरी त्या देकारात जुनी ज्येष्ठता नसली तरी. जागेवर दुसरा माणूस बसला असेल तर त्याला उठवायला न्यायालये सहसा तयार नसतात. मग पुढील काळाचे वेतन रोख देतात. मानसिक त्रास आणि दंडात्मक भरपाई मिळून कंपनीच्या आकारानुसार ५०,००० ते ३,००,००० डॉलरची मर्यादा १९९१मध्ये घातली गेली आणि ती आजही तेवढीच आहे. आणि नोकरीतील भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या इथल्या आयोगाकडे तक्रार करायला मुळात १८० दिवस, बऱ्याच राज्यांत ३०० दिवस. ताईंच्या भावाचे सात महिने इथे काही राज्यांत उशिराचे ठरले असते.

त्या फोर्ड निकालावरून एक व्यावहारिक सूचना. खटला चालू असताना विभागाने कंत्राटी किंवा दुसऱ्या पदाचा देकार दिला, तर उत्तर तोंडी देऊ नका. ‘मूळ अर्जातील हक्क राखून’ असे लिहूनच स्वीकारा किंवा नाकारा.

भंडाऱ्याची ताई

सर्वांचे आभार. माहिती अधिकाराचे दोन अर्ज आज टपालाने पाठवले. कर्तव्यसूची वेगळ्या अर्जात मागितली आहे, म्हणजे एकासाठी दुसरा अडकणार नाही. भावाने ऑडिओलॉजिस्टकडून लेखी अहवाल घेतला. कर्णयंत्र ब्लूटूथने मोबाइलला जोडल्यावर फोनवरील बोलणे त्याला समजते, अशी चाचणी घेऊन त्यांनी नोंद दिली आहे, आणि रिसीव्हर टेकवल्यावर शिट्टी का वाजते हेही दोन ओळींत लिहिले आहे. पुण्याच्या नोकरीसाठी त्याने आधीची नोकरी सोडली होती. तो राजीनामा ईमेलमध्ये सापडला. नागपूरच्या वकीलसाहेबांना एक विचारायचे आहे: हा अहवाल पडताळणीनंतरचा आहे, तर मूळ अर्जाला जोडला तर ‘हे तेव्हा समितीपुढे नव्हते’ असा आक्षेप येईल का?

नागपूरचा वकील

आक्षेप येईल, आणि तो आपल्याच उपयोगाचा आहे. समितीपुढे असा अहवाल नव्हता, कारण समितीने तो मागितलाच नाही आणि तज्ज्ञाला बोलावले नाही, असे उत्तर त्याच परिच्छेदात लिहा. सोबत ‘मंद दिवा’ यांनी सांगितलेले प्रात्यक्षिक पर्यायी मागणी म्हणून घाला: मुख्य मागणी मानीव दिनांकासह नियुक्तीची, आणि ती मान्य न झाल्यास कानाच्या तज्ज्ञासह समितीपुढे त्याच्या स्वतःच्या कर्णयंत्रावर चाचणी, चार आठवड्यांत, कारणांसह.